सोयरिकीसाठी दाखवलेला सिनेमा

सिनेमातल्या वेड्याची नखं कोण कापतं, हे मला आजवर एकाही सिनेमानं दाखवलेलं नाही. केस पिंजारलेले दाखवतात, सदरा फाटका दाखवतात, डोळे गरागरा फिरवायला लावतात. पण नखं बघा, कशी व्यवस्थित कापलेली असतात. आमच्या घरी नखं कापणं म्हणजे दोघींचं काम. एकीनं हात धरून ठेवायचा, दुसरीनं कापायचं, आणि भाऊ अशी बोंब मारायचा की गल्लीतली माणसं दारात यायची. त्यामुळे पडद्यावर वेडा आला की शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसतात, नाहीतर घाबरून डोळे मिटतात, आणि मी त्याची नखं बघत बसते. खोड आहे माझी, काय करणार!

माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो जन्मापासूनच तसा होता. चौथ्या वर्षी चालला, सातव्या वर्षी बोलला, आणि पुढं वय वाढलं तसं अंग वाढलं, बाकीचं जिथल्या तिथं राहिलं. आष्ट्यात त्याला कुणी खुळा म्हणे, कुणी येडा म्हणे, आणि ज्यांना आमच्या गुऱ्हाळावरचा ताजा गूळ फुकट चाखायचा असे ते भोळा म्हणत. डॉक्टरांची ती नवी सभ्य नावं तेव्हा आमच्यापर्यंत आली नव्हती. आली असती तरी गावानं येडाच म्हटलं असतं.

हंगामात आमच्या उसाचं गुऱ्हाळ लागलं की चरकाचे बैल हाकायचं काम त्याचं. दिवसभर गोल गोल फिरायचं. शहाणी माणसं तासाभरात कंटाळून विडी ओढायला बसत, हा बैलांशी बोलत फिरत राही. हाक मारली नाही तर जेवायला येत नसे, आणि हाक मारली तर सहा भाकरी खाल्ल्याशिवाय उठत नसे. राग आला की मातीत फतकल मारायचा, मग कुणाच्या बापाला हलायचा नाही. एकदा त्यानं मला दगड मारला होता, त्याची खोक अजून कपाळावर आहे. मीही त्याला कमी बडवलेलं नाही. बहीणभाऊ होतो आम्ही, देवळातल्या मूर्ती नव्हतो.

वडील लवकर गेले. शेत वाट्यानं लावलेलं, आणि घरात आई आणि तो. मी सोळाव्या वर्षी लग्न होऊन साताऱ्याला एका मास्तरांच्या घरात पडले. मास्तरांनी मला लिहा-वाचायला शिकवलं आणि नंतर त्याचा पश्चात्ताप केला, कारण मी वाचून वाद घालायला लागले. माहेरी यायला मिळायचं ते वर्षातून एकदा, भाऊबीजेला. फटकळ म्हणून माझी ख्याती दोन्ही घरी सारखीच होती.

जर्मन-जपानची लढाई संपली त्याच्या दुसऱ्या दिवाळीची ही गोष्ट. मी माहेरी आले तर घरात वेगळीच धांदल. भिंती सारवलेल्या, रेशनवरच्या कंट्रोलच्या कापडाचा एक कोरा सदरा खुंटीला लावलेला, आणि ओसरीवर मामा बसलेला. हा माझा सख्खा मामा, आईचा पाठचा भाऊ. पलटणीत नोकरी करून नुकताच कायमचा घरी आला होता. दोन बोटं जाड मिशी, खाकी कोट, आणि बोलण्यात दर चार शब्दांमागं एक ऑर्डर.

"ह्याचं लगीन करायचं," आईनं पाण्याचा तांब्या माझ्या हातात देता देता सांगितलं.

"कुणाचं?"

"कुणाचं म्हंजी? माझ्या ल्योकाचं. मला काय दहा ल्योक हायती?"

मी हसले. आई हसली नाही. तिनं चुलीपुढं बसून, माझ्याकडं न बघता सांगितलं, "मला आताशा उठताना भिताडाला धरावं लागतं. मी मेल्यावर ह्याला भाकरी कोन घालंल? तू सातारला. वाटेकरी घालंल व्हय? बायकू असली म्हंजी तिला घालावीच लागंल." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. हाच प्रश्न मलाही सासरी झोपू देत नसे, फक्त मी तो कधी तोंडातून काढला नव्हता.

पण ह्या लग्नाला नुसतं आईचं भय कारण नव्हतं. कारण होता एक सिनेमा.

मामानं तो फौजेत असताना पाहिला होता. छावणीत तंबू ठोकून शिपायांना सिनेमे दाखवत. तिथं पाहिलेल्या ह्या सिनेमानं त्याच्या डोक्यात घर केलं होतं. मला समोर बसवून त्यानं सगळी गोष्ट सांगितली. "येडा हुता गडी. पार साखळीला बांधल्याला. डाक्टर हरलं, देवरुशी हरलं. मग लगीन लावलं. बायकू आली, तिनं अशी शेवा केली, अशी शेवा केली, आन् तीन तासांत गडी एकदम शाना! कोटबीट घालून हापिसात!"

"तीन तासांत?"

"सिनेमातलं तीन तास गं. तकडं वरीस झालं आसंल."

"मामा, तो सिनेमा हाय."

"आगं, मग काय झालं? पाचशे जवानांनी बघितलाय त्यो. पाचशे मानसं खुळी हायती व्हय?"

मी आईकडं पाहिलं. ती मामाकडं अशी बघत होती की मला पुढं बोलवेना. पंचवीस वर्षं घरात साचलेल्या प्रश्नाला कुणीतरी पहिल्यांदाच उत्तर आणलं होतं, आणि ते सरकारी कोट घालून आलं होतं. देवऋष्यांवरचा तिचा विश्वास केव्हाच उडाला होता. सिनेमावरचा उडायला तिनं सिनेमा पाहिलेलाच नव्हता.

भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी मुलीकडचे आले. उंब्रजकडचा एक शेतकरी, मामाच्या पलटणीतल्या कुणाचा तरी चुलता. घरात चार मुली, आई नाही, ही थोरली. लढाईच्या धामधुमीत हिचं लग्न लांबलं होतं आणि आता अठरावं लागलं म्हणून बाप घायकुतीला आला होता. मुलगी सावळी, उंच, हाताला घट्टे पडलेली. मान खाली घालून बसली होती, पण कान माझ्यासारखेच टवकारलेले. बापाला मामानं एवढंच सांगितलं होतं की मुलगा जरा भोळा आहे.

भाऊ कोरा सदरा घालून आला, पाहुण्यांच्या फेट्याकडं बघून खदखदून हसला, मग त्यांच्या अगदी जवळ जाऊन बसला आणि त्यांच्या बैलाचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. त्यानं परत विचारलं. त्यांनी परत सांगितलं. असं सात-आठ वेळा झालं. माणूस सभ्य होता, दर वेळी सांगत राहिला. शेवटी मामाला बाजूला घेऊन म्हणाला, "पाव्हणं, नवरा मुलगा जरा जास्तीच भोळा हाय की हो."

दुसरा कुणी असता तर वरमला असता. मामा खुलला. "हितंच चुकताय तुमी! त्याच्यावर विलाज हाय. आन् त्यो विलाज सांगलीला लागलाय. आठवडा झाला. चला, डोळ्यांनी बघा, आन् मग बोला."

खरंच तो सिनेमा त्या आठवड्यात सांगलीला लागला होता. पुढं जे झालं ते दुसऱ्या कुठल्या मुलखात घडेलसं मला वाटत नाही. मुलगी दाखवतात, घर दाखवतात, शेत दाखवतात. आमच्या मामानं सोयऱ्यांना सिनेमा दाखवायचं ठरवलं. तेही मुलीसकट, कारण शेवा तिला करायची होती, म्हणून तिनं नीट बघून घ्यायला हवं होतं. लग्न ठरण्याआधी पोरगी नवऱ्या मुलाच्या गाडीत बसून सिनेमाला गेली हे कळतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. म्हणून गावात सांगितलं, सांगलीच्या गणपतीच्या दर्शनाला चाललोय.

पहाटे गाडी जुंपली. मामा, पाहुणे आणि भाऊ पुढं, आम्ही तिघी बायका मागं. भावाला वाटेत एवढा आनंद झाला होता की तो बैलांना दर अर्ध्या मैलावर सांगत होता, "आमी सांगलीला चाललोय." दुपारी पोचलो. गाडी सोडली, भाकरी खाल्ली आणि दोनच्या खेळाला जाऊन बसलो. बायकांची बाजू वेगळी होती, मध्ये कनात. कनातीच्या फटीतून मला भावाचा कोरा सदरा दिसत होता.

सिनेमाचं नाव मी विसरले, गोष्ट मात्र जशीच्या तशी सांगते. नायक मोठ्या घरचा, शिकलेला. जिन्यावरून पडून डोक्याला मार लागतो आणि वेडा होतो. मग तो पडदे फाडतो, मांजराला टोपी घालतो, आणि थेटर हसून हसून लोळतं. मग तो एका चाकराचा गळा धरतो, आणि थेटर चिडीचूप होतं. पहिल्या अर्ध्या तासात एवढंच आलटून पालटून. आईनं माझा हात घट्ट धरला होता. ती ना हसत होती ना घाबरत होती. ती शोधत होती. मुलगा रडत उठला तर त्याला थोपटतं कोण, जेवताना ठसका लागला तर पाठीवर हात कोण फिरवतं, हे तिला बघायचं होतं, आणि त्यातलं काही तिथं नव्हतं.

मग त्याला गोठ्यात साखळीनं बांधतात. पोरं खडे मारतात. तो पाणी पाणी करतो आणि कुणी देत नाही. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं मोठा आवाज आला, "आवं, पानी द्या की त्याला!"

आमचाच. लोक हसले. तो उभा राहिला. मामाचा हात झटकून, पाहुण्यांच्या पायाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलून तो तरातरा पडद्याकडं निघाला. कुणीतरी ओरडलं, "ए येड्या, खाली बस!" दुसरा म्हणाला, "आरं, दोन येडी झाली!" काय हशा पिकला! मांजराला टोपी घालताना पिकला नव्हता एवढा. भाऊ पडद्यापाशी पोचला, वर बघितलं आणि तांब्या उंच धरून तसाच उभा राहिला. तोवर वर भलताच देखावा आला होता, बागेतलं गाणं. त्याला कळेना गोठा गेला कुठं. मामानं येऊन त्याला बखोटीला धरून परत नेलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या अंधारात हसणाऱ्या एकेकाच्या कानाखाली जाळ काढावा असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

माझ्या शेजारी ती मुलगी हसत नव्हती. ती हातातली बांगडी गोल गोल फिरवत होती.

पुढं नायकाचं लग्न होतं, गरिबाच्या मुलीशी. सासू तिला उपाशी ठेवते, चाबकानं मारते, "तुझ्या पायगुणानं माझं लेकरू बरं होत नाही" म्हणून घराबाहेर काढते. ती पोर उपास करते, अनवाणी देवळाला फेऱ्या घालते, दारात पडून रडते. रडण्यातच दोन रिळं गेली. शेवटी सासू तिला जिन्यावरून ढकलते, तिची किंकाळी ऐकून नायक धावतो, खांबावर डोकं आपटतो, आणि शाबास रे देवा! उठतो तो शहाणा. नुसता शहाणा नव्हे. केसांचा भांग पडलेला, दाढी गायब, आणि भाषा पार बदललेली. वेडा असताना आमच्यासारखा बोलणारा तो गडी शहाणा होताच शुद्ध पुस्तकी बोलायला लागला. म्हणजे आम्ही आष्ट्याची माणसं सगळीच अर्धी वेडी, असा हिशेब झाला.

थेटरात टाळ्या पडल्या. दिवे लागले तेव्हा पाहुणे फेट्याच्या टोकानं डोळे पुसत होते. मामानं माझ्याकडं असं पाहिलं जसं काही ते सगळं त्यानंच घडवून आणलं होतं.

त्यानंतर साताऱ्यात मी पुष्कळ सिनेमे पाहिले, मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडेपर्यंत पाहिले. वेडा म्हणजे एक तर विदूषक, नाहीतर खुनी, आणि तोही नसेल तर शेवटच्या रिळात बरा होणारा. मधलं काही नाहीच. आणि घरात असतं ते सगळं मधलंच. कुणाच्या बारशाला जायचं तर एकीनं घरी थांबायचं, हे मधलं. त्याच्यावर जीव असतो आणि त्याच दिवशी त्याला दोन रट्टे द्यावेसे वाटतात, हेही मधलंच. बोलपट काढणाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं नाही. ह्यात त्यांना गाणं टाकायला जागा सापडत नसावी.

थेटरातून आम्ही गणपतीला गेलो, कारण गावात तसं सांगितलं होतं आणि देवाला खोटं पाडणं बरं नव्हे. मग कृष्णेच्या घाटावर येऊन बसलो. ऊन उतरायला आलं होतं. वाटेत ती मुलगी मुद्दाम माझ्या बरोबरीनं चालली आणि पहिल्यांदाच बोलली. "आवं आक्का, खरंच असं हुतंया व्हय?"

मी तोंड उघडणार तोच मागून आई म्हणाली, "हुतंया की, पोरी. देवाच्या मनात असलं म्हंजी हुतंया."

माझी आई कधी खोटं बोलत नसे. चोरून ऊस तोडणाऱ्या पोरांच्या नावावरसुद्धा ती एक कांडी जास्त सांगत नसे. मुलगी मान हलवून पुढं गेली, आणि मला स्वच्छ दिसलं की तिनं ते मानलं. ती आमच्या घरी येणार, उपास करणार, फेऱ्या घालणार आणि वाट बघत बसणार. आणि तो बरा झाला नाही की पायगुण तिचाच काढला जाणार.

घाटाच्या पायरीवर मामानं पिशवीतून नारळ आणि सुपारी काढली. आमच्याकडं सोयरीक ठरली की पाच माणसांदेखत सुपारी फोडतात. एकदा सुपारी फुटली की लग्न लागल्यातच जमा. मग कुणी मागं फिरलं तर मुलीवर जन्माचा बट्टा. पाचाला माणसं कमी पडत होती म्हणून मामानं नावेतून उतरणाऱ्या दोघा नावाड्यांना हाक मारली. "आमाला काय, सुपारी खायाला मिळाल्याशी मतलब," म्हणत ते येऊन उकिडवे बसले. मामा, पाहुणे, दोन नावाडी, आणि पाचवा घाटावरचा एक म्हातारा गुरव. भाऊ जरा खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून भाकरी खात होता.

"बोला पाव्हणं," मामा म्हणाला. "बघितलं न्हवं डोळ्यांनी?"

"बघितलं," पाहुणे म्हणाले. "पोरीच्या नशिबात आसंल तर जावई शाना हुईल. फोडा सुपारी."

"थांबा!" मी म्हणाले.

पुरुषांच्या बैठकीत बाई बोलली म्हणून गुरव दचकला. मामानं डोळे वटारले. पण मला एकदा सुरू झालं की थांबता येत नाही. मी म्हटलं, "पाव्हणं, पडद्यावरचा त्यो गडी आधी शाना हुता. डोस्क्याला लागून बिघडला, डोस्क्याला लागून सुधारला. माझा भाऊ बिघडलाच न्हाई, तर सुधारंल कशातनं? त्यो हाय ह्यो असाच हाय. साठीचा झाला तरी असाच ऱ्हानार. तुमची लेक उपास करून मेली तरी असाच. त्याला आंगूळ घालावी लागती. त्याचं नाक पुसावं लागतं. थंडीत हातरून ओलं करतो. धोतर जमत न्हाई म्हनून विजार घालतो, तर विजारीची नाडीसुदीक त्याची त्याला बांधता येत न्हाई, आय बांधती. तुमची लेक हितं बायकू व्हायची न्हाई. पंचवीस वर्सांच्या पोराची आय हुईल. ते चालत आसंल तर फोडा."

मी हे जोरात बोलले. नावाड्यांनाही ऐकू जाईल असं बोलले. माझ्या मनाला जरासुद्धा शंका नव्हती. सिनेमानं जे लपवलं होतं ते मी उघड्यावर मांडत होते, आणि मांडताना मला बरं वाटत होतं.

"हिचं काय ऐकू नका!" मामा उसळला. "सातारला जाऊन लय शानी झालीया!"

आई उठून माझ्यासमोर आली. "मोडलंस न्हवं? मग मी मेल्यावर तू बघशील?"

"बघीन," मी म्हटलं. मास्तरांना न विचारता म्हटलं. आणि बघितलं. आई गेल्यावर तो साताऱ्याला माझ्या घरी आला आणि शेवटपर्यंत माझ्याकडंच राहिला. मास्तर पहिलं वर्ष धुसफुसले, दुसऱ्या वर्षी त्याला बरोबर घेऊन भाजी आणायला जायला लागले. त्यात मी काही मोठं केलं असं नाही. बोलून बसले होते, ते निभावलं.

पण त्या वेळी घाटावर कुणाला माझ्या शब्दाचं काय? मामानं हातात कोंबलेली सुपारी पाहुण्यांच्या मुठीत तशीच. मामा त्यांच्या कानाशी लागून सारखा काहीतरी सांगत होता. मुलगी पायरीकडं बघत होती. भाऊ खाली बसलाय हे आम्ही सगळेच विसरलो होतो.

तो वर आला. हात सदऱ्याला पुसले आणि सरळ त्या मुलीसमोर जाऊन उभा राहिला. ती अंग चोरून मागं सरकली.

"तू आमच्यात येऊ नगंस," तो म्हणाला. तो सावकाश बोलायचा, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. "तुला मारत्याल. त्या बाईला मारलं. मी न्हाई शाना हुनार. मला न्हाई येत ते."

मुलीनं पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. पाहुण्यांनी सुपारी हळूच मामाच्या पिशवीत टाकली आणि हात जोडले. पुढं त्या मुलीचं चांगल्या घरी झालं असं ऐकलं, पण ते ऐकलेलंच, मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

मला भरून आलं. भाऊ माझ्या बाजूनं बोलला, अगदी माझंच म्हणणं त्यानं दोन वाक्यांत सांगितलं, असं मला वाटलं. मी त्याला जवळ घ्यायला हात पुढं केला. त्यानं तो झटकला. राग आला की त्याचे कान लाल व्हायचे. ते लाल झाले होते.

"आन् आक्का, तू खोटं बोललीस."

"मी? काय खोटं बोलले रं?"

"नाडी मला येती."

त्यानं सदरा वर केला. विजारीची नाडी बांधलेली होती, गाठ जरा एका बाजूला गेलेली. मी आईकडं पाहिलं. आई खाली बघून म्हणाली, "दोन वर्सं झाली त्याला येऊन. लय दीस लागलं शिकवाया. तू हितं हुतीस कुठं?"

मी काही म्हणायच्या आत त्यानं ती गाठ सोडली. तिथंच, घाटावर, सगळ्यांसमोर. एका हातानं विजार धरून, जीभ दातांत पकडून तो परत बांधायला लागला. एकदा निसटली. पुन्हा धरली. नावाडी जायला उठले होते ते थांबले. पुष्कळ वेळ लागला आणि कुणी घाई केली नाही. शेवटी त्यानं गाठ आवळली आणि हात बाजूला केले.

"चुकलं रं माझं," मी म्हणाले.

"मला नगं सांगू. समद्यांस्नी सांग," तो म्हणाला. "मगाशी समद्यांस्नी सांगितलंस."

मग मी उभी राहिले, आणि पाहुण्यांना, मामाला, त्या मुलीला, गुरवाला आणि दोन्ही नावाड्यांना मगाचच्याच आवाजात सांगितलं, की माझ्या भावाला त्याची नाडी त्याची त्याला बांधता येते.